भूतकाळ एकदाच : इंग्रजीतील सहायक क्रियापदे आणि आपल्या नेहमीच्या चुका

अर्धविराम

प्रौढ विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. मागच्या आठवड्यात हाती आलेल्या एका अर्जात पुढील वाक्य होते : ‘आय डिड नॉट वेन्ट टू द मीटिंग बिकॉज आय वॉज नॉट वेल.’ अर्जदाराचा शब्दसंग्रह चांगला होता, स्पेलिंगची एकही चूक नव्हती आणि ‘बिकॉज’च्या पुढचा भाग निर्दोष होता, तरीही ‘डिड’च्या मागोमाग ‘वेन्ट’ आलेच. मी त्यांना नियम विचारला, तर त्यांनी तो क्षणाचाही विलंब न लावता सांगितला : ‘डिडनंतर क्रियापदाचे पहिले रूप.’ नियम तोंडपाठ असूनही हात चुकतो, याचा अर्थ अडचण पाठांतराची नाही, असे मला वाटू लागले आहे. म्हणून हा धागा.

माझे निरीक्षण असे की या वाक्यामागे एक पूर्णपणे शुद्ध मराठी वाक्य उभे असते : ‘मी गेलो नाही.’ मराठीत नकार देताना ‘गेलो’ हे भूतकाळी रूप जसेच्या तसे राहते आणि त्याच्या पुढे ‘नाही’ येऊन बसते. मनात ‘गेलो’ पक्के असल्यामुळे इंग्रजीत ‘वेन्ट’ येते, आणि नकारासाठी ‘डिड नॉट’ लागते हे शिकवलेले असल्यामुळे तेही येते. परिणामी एकाच वाक्यात भूतकाळ दोनदा सांगितला जातो. ‘डझ ही नोज’ किंवा ‘शी डझन्ट लाइक्स’ या चुकांचा उगमही हाच आहे : ‘डू’चे ‘डझ’ झाले तेव्हाच तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय खर्ची पडला, तो मुख्य क्रियापदाला पुन्हा लावता येत नाही.

यावर मला सापडलेला उपाय इंग्रजी व्याकरणातला नसून मराठीतला आहे. ‘तो जाऊ शकला’ हे वाक्य पाहा. यात ‘जाऊ’ला काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही, ते सगळे ओझे ‘शकला’ने उचललेले आहे. ‘तो गेला शकला’ असे मराठी शिकणारे तीन वर्षांचे मूलही म्हणत नाही. म्हणजे मुख्य क्रियापद कोरे ठेवून काळाचा भार सहायकावर टाकण्याची पद्धत आपल्याला जन्मापासून अवगत आहे, फक्त ‘नाही’च्या बाबतीत मराठी ती पद्धत वापरत नाही. ‘डिड’कडे ‘नाही’चा सोबती म्हणून पाहण्याऐवजी ‘शकला’चा भाऊबंद म्हणून पाहिले की ‘डिड वेन्ट’ कानाला ‘गेला शकला’इतकेच खटकू लागते. वर उल्लेख केलेल्या अर्जदारांनी हा प्रयोग केल्यापासून त्यांची ही एक चूक जवळजवळ थांबली आहे. बाकीच्या चुका आहेतच, आणि त्यांच्यासाठीच सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे.

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे ती वारंवार लागेल. इंग्रजीत एकापुढे एक कितीही सहायक क्रियापदे आली तरी काळ दाखवण्याचा अधिकार फक्त पहिल्याला असतो आणि त्यानंतर प्रत्येक सहायक आपल्या लगेच पुढच्या क्रियापदाचे रूप ठरवतो. ‘द लेटर मस्ट हॅव बीन लॉस्ट’ या वाक्यात ‘मस्ट’मुळे ‘हॅव’ मूळ रूपात आले, ‘हॅव’मुळे ‘बी’चे तिसरे रूप ‘बीन’ झाले आणि ‘बी’मुळे, कर्मणी प्रयोग असल्याने, ‘लूझ’चे तिसरे रूप ‘लॉस्ट’ झाले. ‘मस्ट हॅज’, ‘हॅज वेन्ट’, ‘वॉज टेक’ अशा बहुतेक चुकांमध्ये ही साखळी कुठल्या कडीपाशी तुटली ते बोट ठेवून दाखवता येते.

जुनी वही

‘जाऊ शकला’ची तुलना फार आवडली. मात्र मला शाळेपासून पडलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. होकारार्थी वाक्यात ‘आय वेन्ट’ एवढे पुरते, मग नकारात आणि प्रश्नात हे ‘डिड’ मुळात आले कोठून? ‘आय वेन्ट नॉट’ म्हटल्याने काय बिघडले असते? नियमाचे कारण कळले नाही की तो माझ्या लक्षात राहत नाही, हा माझा जुना दोष आहे.

गणिती

काहीच बिघडले नसते, आणि एके काळी इंग्रज माणूस अगदी तसेच म्हणत असे. सोळाव्या शतकापर्यंत नकारासाठी मुख्य क्रियापदापुढे ‘नॉट’ ठेवणे आणि प्रश्नासाठी मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी आणणे ही रूढ पद्धत होती. ‘आय नो नॉट’ आणि ‘नो यू हिम?’ ही वाक्ये त्या काळी शुद्ध होती. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘नो नॉट’, ‘न्यू नॉट’ अशा रचना जागोजागी आढळतात. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत ‘डू’ घालण्याची पद्धत हळूहळू पसरली, काही काळ दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली आणि अखेरीस ‘डू’ने बाजी मारली.

ज्या क्रियापदांनी हा बदल स्वीकारला नाही ती म्हणजे ‘बी’, पूर्ण काळातले ‘हॅव’ आणि ‘कॅन’, ‘मे’, ‘विल’, ‘मस्ट’ वगैरे मंडळी. ती आजही जुन्या रीतीने स्वतःच ‘नॉट’ घेतात आणि स्वतःच कर्त्याच्या पुढे उडी मारतात : ‘इज ही’, ‘हॅज ही गॉन’, ‘कॅन ही’. थोडक्यात, वाक्यात यांपैकी एखादे आधीच हजर असेल तर ‘डू’ला आमंत्रण नसते, कोणीही हजर नसेल तेव्हाच ते पाहुणे म्हणून येते. ‘डू यू कॅन स्विम?’ हे चुकीचे का, याचे उत्तर यातच आहे.

अवांतर : ‘कॅन’ला तृतीयपुरुषी प्रत्यय का लागत नाही, म्हणजे ‘ही कॅन्स’ का नाही, यामागेही इतिहासच आहे. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही रूपे फार प्राचीन काळी भूतकाळाची रूपे होती, नंतर ती वर्तमानाच्या अर्थाने वापरली जाऊ लागली. आणि इंग्रजी भूतकाळाला तृतीयपुरुषी प्रत्यय कधीच लागत नाही. ‘मस्ट’ हेसुद्धा एका आता नामशेष झालेल्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे. त्यामुळे त्याला स्वतःचा वेगळा भूतकाळ उरला नाही आणि ‘जावे लागले’ म्हणण्यासाठी ‘हॅड टू गो’ असे दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

निळी शाई

या संकेतस्थळावर दिवसातून शंभरदा लिहिल्या जाणाऱ्या एका शब्दाबद्दल तक्रार नोंदवते. तो शब्द म्हणजे ‘सहमत’. ‘मी सहमत आहे’ याचे इंग्रजी करताना ‘आहे’साठी ‘ॲम’ आणि ‘सहमत’साठी ‘ॲग्री’ घेतले की ‘आय ॲम ॲग्री’ तयार होते. ‘ॲग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, विशेषण नव्हे. म्हणून ‘आय ॲग्री’ एवढेच पुरे. ‘ते परिस्थितीवर अवलंबून आहे’ याचे ‘इट इज डिपेंड्स’ होते, तेही याच वाटेने. मराठीत जेथे जेथे ‘आहे’ दिसते तेथे तेथे आपण नकळत ‘बी’चे एखादे रूप पेरतो. ‘मला माहीत आहे’चे ‘आय ॲम नोइंग’ आणि ‘मला शंका आहे’चे ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ ही त्याच कुळातली भावंडे होत.

याच्या अगदी उलट चूकही होते आणि ती मला जास्त गमतीची वाटते. ‘माझा जन्म अमुक साली झाला’ यात ‘आहे’ किंवा ‘होता’ नाही, म्हणून ‘आय बॉर्न इन’ असे लिहिले जाते आणि जेथे ‘वॉज’ खरोखर हवे होते तेथे ते गळते.

अर्धविराम

निळी शाई यांच्याशी सहमत आहे. (इंग्रजीत लिहिले असते तर ‘ॲम’ वगळले असते.)

रीतिभूत

धागाकर्तीने ‘गेलो नाही’चे उदाहरण घेतले, मी ‘गेलो होतो’चे घेतो, कारण माझ्या मते मराठी भाषकांच्या इंग्रजीत याच्याइतकी खोल रुजलेली आणि याच्याइतकी दुर्लक्षित चूक दुसरी नाही. ‘काल मी वाचनालयात गेलो होतो’ हे मराठी वाक्य पूर्णपणे स्वाभाविक आहे. त्यात दोन घटना नाहीत, आधी काय आणि नंतर काय असा प्रश्नही नाही. जाऊन परत आलो, ते आता मागे पडले, एवढेच सांगायचे असते. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘आय हॅड गॉन टू द लायब्ररी यस्टर्डे’ असे होते आणि ऐकणारा इंग्रजी भाषक पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबतो. इंग्रजीत ‘हॅड’ आणि तिसरे रूप ही जोडी भूतकाळातल्या एका ठरावीक क्षणाच्याही आधीचे काही सांगण्यासाठी असते : ‘मी पोहोचलो तेव्हा वाचनालय बंद झाले होते’, म्हणजेच ‘व्हेन आय अराइव्ह्ड, द लायब्ररी हॅड क्लोज्ड.’ मागे उभा राहायला दुसरा क्षण नसेल तर ‘आय वेन्ट’ हेच योग्य.

पूर्ण वर्तमानकाळाची गोष्ट तशीच. ‘मी ते पुस्तक मागच्या वर्षी वाचले आहे’ असे आपण सर्रास म्हणतो, कारण मराठीतल्या ‘वाचले आहे’ला ‘मागच्या वर्षी’चे वावडे नाही. इंग्रजीतल्या ‘हॅव रेड’ला मात्र आहे. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट यिअर’, ‘टू डेज अगो’ असा संपून गेलेला काळ नावानिशी सांगितला की ‘हॅव’ने वाक्यातून निघून जायचे, हा संकेत इंग्रजी फार काटेकोरपणे पाळते. ‘आय हॅव रेड दॅट बुक’ चालेल, ‘आय रेड दॅट बुक लास्ट यिअर’ चालेल, दोन्ही एकत्र चालणार नाहीत.

तिसरी गोष्ट याच पूर्ण काळाची, पण उलट्या दिशेने. ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो आहे’ यात मराठीला चालू वर्तमानकाळ पुरतो, म्हणून आपण ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह यिअर्स’ लिहितो. इंग्रजीला भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या क्रियेसाठी ‘हॅव’ लागतेच : ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह यिअर्स.’ म्हणजे जेथे नको तेथे आपण ‘हॅव’ आणि ‘हॅड’ घालतो आणि जेथे त्यांच्यावाचून चालत नाही तेथे विसरतो.

जुनी वही

‘हॅड गॉन’बद्दलचे स्पष्टीकरण वाचून मी माझी जुनी पत्रे काढून पाहिली. एका पानावर अकरा वेळा ‘हॅड’ सापडले. त्यांपैकी दोन योग्य असावेत.

उंबरठा

‘मस्ट नॉट’ने माझी झालेली फजिती सांगतो. एका कार्यशाळेच्या आदल्या दिवशी एका परदेशी पाहुण्यांनी मांडामांडीला मदत करण्यासाठी लवकर येण्याची तयारी दाखवली होती. त्यांना त्रास नको म्हणून मी उत्तर लिहिले : ‘यू मस्ट नॉट कम अर्ली.’ माझ्या मनातले वाक्य होते, ‘तुम्ही लवकर यायलाच पाहिजे असे नाही.’ त्यांचे एकाच शब्दाचे उत्तर आले, ‘अंडरस्टुड’, आणि दुसऱ्या दिवशी ते पहिले सत्र सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी, चेहऱ्यावर काहीही भाव न दाखवता, मागच्या रांगेत येऊन बसले. दुपारी जेवताना त्यांनीच हळूच विचारले की सकाळी असे काय गुप्त चालले होते.

तेव्हा मला कळले की ‘मस्ट’ला नकार जोडला की सक्ती रद्द होत नाही, ती फक्त उलट्या दिशेने वळते. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे ‘तुम्ही येता कामा नये’. सक्तीच रद्द करायची असेल तर ‘यू डोन्ट हॅव टू कम’ किंवा ‘यू नीडन्ट कम’. मराठीत हा भेद ‘नाही’ कोठे बसते यावरून कळतो : ‘यायलाच पाहिजे असे नाही’मध्ये नकार सक्तीला लागतो, ‘यायचे नाही’मध्ये येण्याला. मात्र ‘तुम्ही लवकर यायला नको’ या वाक्यात दोन्ही अर्थ संभवतात आणि माझ्यासारखी माणसे बहुधा तेथेच घसरतात.

अर्धविराम

हे उदाहरण मी वर्गात वापरण्याची परवानगी मागते. यातून एक मोठा मुद्दा निघतो. आपले ‘पाहिजे’ हे एकटे क्रियापद इंग्रजीतल्या ‘मस्ट’, ‘शुड’, ‘हॅव टू’, ‘नीड’ आणि ‘वॉन्ट’ या सर्वांच्या वाट्याचे काम करते, तर ‘शकणे’ हे ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’ आणि ‘बी एबल टू’ यांच्या वाट्याचे. ‘तो उद्या येऊ शकतो’ हे क्षमतेबद्दल आहे की शक्यतेबद्दल, हे संदर्भावरून ठरते. इंग्रजीत मात्र ‘कॅन कम’ आणि ‘मे कम’ यांतून आधीच निवड करावी लागते. त्यामुळे या शब्दांचे कोशातले मराठी अर्थ पाठ करून उपयोग होत नाही, संपूर्ण वाक्याचा मराठी पर्याय शोधावा लागतो. ‘जावे लागले’ म्हणजे ‘हॅड टू गो’, ‘जायला हवे होते’ म्हणजे ‘शुड हॅव गॉन’. पहिल्यात तो गेला, दुसऱ्यात गेला नाही. इंग्रजीतही नेमके तेच. ‘मस्ट हॅव गॉन’ला मात्र सक्तीशी काहीच देणेघेणे नाही, तो निव्वळ तर्क आहे : ‘तो गेला असावा.’

रीतिभूत

शेवटच्या वाक्याला हरकत आहे. ‘गेला असावा’मध्ये बोलणारा स्वतःच्या तर्काबद्दल थोडा साशंक असतो. ‘मस्ट हॅव गॉन’मध्ये साशंकता जवळजवळ नाही; पुरावा समोर आहे, दुसरा निष्कर्ष संभवत नाही, असे तो माणूस सांगत असतो. दाराला कुलूप आहे, गाडी जागेवर नाही, चपला नाहीत, अशा वेळी मराठी माणूस ‘तो गेला असणार’ असे म्हणेल. माझ्या मते चढती श्रेणी अशी : ‘गेला असेल’ म्हणजे ‘मे हॅव गॉन’ किंवा ‘माइट हॅव गॉन’, ‘गेला असावा’ म्हणजे ‘हॅज प्रॉबब्ली गॉन’, आणि ‘गेला असणार’ म्हणजे ‘मस्ट हॅव गॉन’. ‘गेला असता’ या श्रेणीत बसत नाही, कारण तो गेलेलाच नाही. ते ‘वुड हॅव गॉन’. आणि ‘जाऊ शकला असता’ म्हणजे ‘कुड हॅव गॉन’.

तर्काचा नकार ‘मस्ट नॉट हॅव’ने सहसा केला जात नाही, हेही जोडतो. ‘तो गेला असणे शक्यच नाही’ यासाठी ‘ही कान्ट हॅव गॉन’ ही रूढ रचना आहे.

अर्धविराम

हरकत मान्य. ‘असावा’ आणि ‘असणार’ यांतला फरक मी इतकी वर्षे बोलत असूनही शिकवताना एकाच पारड्यात टाकत होते. कुलूप, गाडी आणि चपला हे उदाहरण वहीत टिपून ठेवले आहे.

निळी शाई

‘शकणे’चा विषय निघालाच आहे तर ‘कॅन एबल टू’ची विल्हेवाट लावूया. ‘आय कॅन एबल टू डू इट’ यात ‘शकणे’ दोनदा आले आहे आणि ‘बी’ एकदाही आलेले नाही. ‘आय कॅन’ किंवा ‘आय ॲम एबल टू’, दोन्हींपैकी एक. ‘विल’च्या पुढे मात्र ‘कॅन’ येऊ शकत नाही, कारण अशी दोन सहायके प्रमाण इंग्रजीत शेजारी बसत नाहीत; तेथे ‘विल बी एबल टू’ लागते. तसेच ‘मस्ट टू गो’, ‘शुड टू गो’, ‘कॅन टू गो’ यांतला ‘टू’ काढून टाकावा. तो ‘ऑट टू’, ‘हॅव टू’, ‘युज्ड टू’ अशा रचनांमध्येच येतो.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी. ‘रस्ता बंद होता, तरी मी वेळेवर पोहोचू शकलो’ याचे इंग्रजी करताना ‘आय कुड रीच’ असे लिहिले जाते. ‘कुड’ भूतकाळातली सर्वसाधारण क्षमता सांगते, जसे ‘लहानपणी मला झाडावर चढता येत असे’. एखाद्या विशिष्ट प्रसंगी प्रत्यक्षात साधलेल्या गोष्टीसाठी होकारात ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ वापरतात. नकारात हा भेद राहत नाही, ‘आय कुडन्ट रीच’ बिनदिक्कत चालते.

पदच्छेद

‘वुड’बद्दल अजून कोणी काही लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. ‘आय वुड बी कमिंग टुमॉरो’, ‘द मीटिंग वुड स्टार्ट ॲट टेन’ अशी वाक्ये मी रोज वाचतो. लिहिणाऱ्यांची समजूत अशी दिसते की ‘विल’ रोखठोक आणि ‘वुड’ सभ्य. पण ‘वुड’ वाचणाऱ्याच्या मनात लगेच ‘जर’ उभा राहतो : उद्या आला असता, पण काय अडले? निश्चित भविष्य सांगायचे असेल तर ‘विल’च वापरावे, त्यात उद्धटपणा काहीही नाही.

उंबरठा

थोडे असहमत. ‘वुड’मध्ये नम्रता आहे हे खोटे नाही. ‘वुड यू ओपन द विंडो’ हे ‘विल यू’पेक्षा मऊ आहे आणि ‘आय वुड लाइक’ हे ‘आय वॉन्ट’पेक्षा. लोकांनी ही नम्रता हवेतून आणलेली नाही.

पदच्छेद

मान्य आहे, पण ती नम्रता विनंती, इच्छा आणि मत यांच्यापुरती आहे. सभा दहा वाजता सुरू होणार हे सांगण्यात नम्र होण्यासारखे काय आहे? ‘सभा दहा वाजता सुरू झाली असती तर बरे, असे मला आपले वाटते’ असे मराठीत सूचनाफलकावर कोणी लिहीत नाही.

आता दुसऱ्या बाजूची चूक : ‘जर’च्या पोटवाक्यात ‘वुड’ घालणे. ‘इफ आय वुड हॅव नोन’ हे बोलण्यात अनेकदा ऐकू येते, अगदी मातृभाषकांच्याही. प्रमाण लेखनात मात्र ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’ असेच लिहावे. मराठीत ‘मला माहीत असते, तर मी आलो असतो’ यात ‘असते’ आणि ‘असतो’ दोन्हीकडे येतात, म्हणून दोन्हीकडे ‘वुड’ घालण्याचा मोह होतो. ‘तो येईल तेव्हा सांगतो’ याचे ‘व्हेन ही विल कम’ होते तेही असेच. इंग्रजीत अशा कालवाचक पोटवाक्यात भविष्यासाठी साधा वर्तमानकाळ पुरतो, ‘व्हेन ही कम्स’.

रीतिभूत

माझे नावच ज्याच्यावरून घेतले त्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘तो रोज संध्याकाळी येथे बसत असे’ या मराठी रीतिभूतकाळाला इंग्रजीत ‘युज्ड टू सिट’ आणि ‘वुड सिट’ असे दोन पर्याय आहेत. परंतु पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रियेऐवजी एखादी स्थिती सांगायची असेल, जसे ‘येथे पूर्वी एक विहीर होती’, तर ‘वुड’ चालत नाही. ‘देअर युज्ड टू बी अ वेल हिअर’ असेच म्हणावे लागते. नकार लिहिताना ‘डिडन्ट युज टू’ असे मूळ रूप लिहावे. उच्चारात ‘युज टू’ आणि ‘युज्ड टू’ सारखेच ऐकू येत असल्यामुळे बोलताना ही चूक लपते आणि कागदावर उघडी पडते. ‘आय ॲम युज्ड टू’ ही सर्वस्वी निराळी रचना आहे, तिचा अर्थ ‘मला सवय आहे’ आणि तिच्यापुढे नाम किंवा ‘गेटिंग अप अर्ली’सारखे आयएनजीचे रूप येते.

गणिती

मातृभाषकांच्या चुकांचा उल्लेख झाला म्हणून सांगतो की इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही सहायक क्रियापदांपाशी अडखळतात, फक्त त्यांचे अडखळणे कानातून येते. ‘कुड हॅव’मधला ‘हॅव’ बोलताना इतका बारीक होतो की तो ‘ऑव्ह’सारखा ऐकू येतो, आणि मग ‘कुड ऑव्ह’ असे लिहिले जाते. आपण इंग्रजी आधी डोळ्यांनी शिकतो, त्यामुळे ही चूक आपल्याकडून क्वचितच होते. ‘कुड’च्या स्पेलिंगमधले न उच्चारलेले ‘एल’ हेही एका जुन्या अनुकरणाचे फळ आहे : ‘वुड’ आणि ‘शुड’ यांमध्ये ते मुळापासून होते, कारण ती ‘विल’ आणि ‘शॅल’ची रूपे, ‘कॅन’च्या रूपात ते नव्हते, पण या दोघांच्या संगतीने तेथेही शिरले आणि कायमचे राहिले.

‘शॅल’ आणि ‘विल’चा शाळेतला नियम, म्हणजे प्रथमपुरुषी साध्या भविष्यासाठी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’, निश्चय दाखवायचा असेल तर उलट, हा जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडलेला आढळतो. हेच ते गणितज्ञ, ज्यांनी १६५५ साली अनंताचे आडव्या आठसारखे चिन्ह वापरात आणले. चिन्ह टिकले, नियम मात्र आज फारसा कोणी पाळत नाही. ‘शॅल आय’, ‘शॅल वी’ अशी विचारणा आणि करारमदारांतली बंधनकारक कलमे एवढ्यापुरते ‘शॅल’ उरले आहे.

जुनी वही

शेवटचे दोन प्रश्न विचारतो. ‘तू कुठे जातो आहेस?’ यात मराठी कर्ता हलत नाही, म्हणून मी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ म्हणत असे. ते सुधारले, तर आता ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ असे तोंडून जाते आणि तेही चूक आहे असे मला सांगण्यात आले. दुसरा प्रश्न, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘इजन्ट इट’ लावण्याची सवय कशी मोडावी?

अर्धविराम

पहिल्याचे उत्तर : सहायकाला कर्त्याच्या पुढे आणणे ही खऱ्याखुऱ्या प्रश्नाची खूण आहे. ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही’ हा प्रश्न नाही, विधान आहे. म्हणून ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज.’ प्रश्नचिन्ह नसेल तर उलटापालट करू नये, एवढे बघितले तरी बहुतेक वेळा भागते. याला लागूनच आणखी एक गोष्ट : ‘तुला कोणी फोन केला?’ यात ‘कोणी’ हाच कर्ता असल्यामुळे ‘डिड’ लागत नाही, ‘हू कॉल्ड यू?’ एवढेच, ‘तू कोणाला फोन केलास?’ यात मात्र कर्ता ‘तू’ आहे, म्हणून ‘हू डिड यू कॉल?’

दुसऱ्याचे उत्तर : आपले ‘ना?’ कोणत्याही वाक्याला चिकटते, म्हणून ‘इजन्ट इट’ही तसेच चिकटवले जाते. इंग्रजीत शेपूट हे वाक्यातल्याच सहायकाचे असते आणि होकाराला नकाराचे, नकाराला होकाराचे लागते. ‘यू हॅव सीन इट, हॅवन्ट यू’, ‘ही कान्ट स्विम, कॅन ही’. सहायक दिसतच नसेल तर तो लपलेला ‘डू’ बाहेर काढावा : ‘शी वर्क्स हिअर, डझन्ट शी’. अपवाद एकच लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘आय ॲम लेट’ला ‘ॲमन्ट आय’ असे शेपूट प्रमाण इंग्रजीत लावत नाहीत, तेथे ‘आरन्ट आय’ असे म्हणतात. ‘आय आर’ हे इतरत्र अक्षम्य मानणारी भाषा येथे ते मुकाट्याने खपवून घेते.

जुनी वही

म्हणजे ‘आय आस्क्ड टू मेनी क्वेश्चन्स, डिडन्ट आय?’

अर्धविराम

शेपूट बरोबर आहे. विधानाशी मात्र सहमत नाही.